वाचकांचे प्रश्न : सासूबाईंची पंच्याहत्तरी आणि कपकेकचे दुकान

प्रश्न : आमचे गाव यावल तालुक्यात आहे. येत्या वैशाखात, आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात, सासूबाईंना ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. दोन्ही नणंदा आखाजीला माहेरी आलेल्या असतील आणि पुण्याची नातवंडेही येतील. जळगावात उंची कपकेकचे एक दुकान नव्याने निघाले आहे, तेथे आजीला घेऊन जायचे, असा मुलांचा हट्ट आहे. आम्ही सगळे मिळून अकरा जण होतो. सासूबाई अंडे खात नाहीत, सासऱ्यांना मधुमेह आहे आणि धाकट्या नणंदेचे बाळ दोन वर्षांचे आहे. एका कपकेकचा दर दीडशे रुपये आहे, हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, “घरी मांडे असतांना हे वाटीतलं कशाले?” आमच्या यजमानांचे म्हणणे असे, की एवढ्या लोकांना घेऊन जाण्यापेक्षा दोन डझन बांधून घरीच आणावेत. आपण काय सुचवाल? (एक सूनबाई, यावल तालुका)

उत्तर : तुमच्या बाकीच्या अडचणींकडे वळण्यापूर्वी यजमानांचा बेत मी मोडीत काढते. वैशाखात जळगावहून दोन डझन कपकेक बांधून गावी नेऊ नयेत. चांगल्या दुकानातील कपकेकवर फुलासारखे जे आयसिंग काढलेले असते, ते बहुधा बटर आणि पिठीसाखर फेटून केलेले असते आणि त्याला बटरक्रीम म्हणतात. बटर साधारण २० अंश सेल्सिअसला मऊ असते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. आपल्या तोंडातील उष्णता ३७ अंशांच्या आसपास असल्यामुळे ते जिभेवर ठेवताच विरघळते, आणि त्या विरघळण्यातच त्याची सगळी गंमत आहे. आता भर वैशाखातील जळगाव-भुसावळ डोळ्यांसमोर आणा. पारा ४३ अंशांवर गेला, तरी आपल्याकडे त्याची कोणी बातमी करत नाही. म्हणजे बाहेरची हवा माणसाच्या तोंडापेक्षा गरम असते, आणि तेथे बटरक्रीम जिभेची वाट पाहत थांबत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात भाच्याच्या बारशासाठी नाशिकहून धुळ्याला बारा कपकेक मोठ्या हौसेने मांडीवर घेऊन मी बसने निघाले. दुकानदाराने “ताई, आज नेऊ नका,” असे स्पष्ट सांगितले होते. ते मी ऐकले नाही, त्यामुळे दोष सर्वस्वी माझा. नाशिकहून बारा कपकेक निघाले आणि धुळ्याला एक श्रीखंड पोहोचले.

यावर कोणी म्हणेल, की घरी पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवू. फ्रीजमध्ये आयसिंग वाचते, पण खालचा केक बिघडतो. रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवला, की सकाळी त्याची शिते टणक होतात. शिजलेल्या पिठातील स्टार्च गारव्यात भराभर कडक होत जातो, आणि मैद्याच्या केकाचेही तसेच होते. शिवाय गार बटर जिभेवर मेणासारखे लागते. तो कपकेक खाण्याजोगा व्हावा म्हणून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावा, तर तुमच्या बैठकीच्या खोलीत एसीऐवजी कूलर असण्याची शक्यता अधिक. कूलरची हवा गार असली तरी दमट असते. साखर तो ओलावा ओढून घेते, आयसिंगला घाम फुटतो आणि वर काढलेल्या गुलाबाचा रंग शेजारच्या पानावर उतरतो. थोडक्यात, २२ ते २५ अंशांवर ठेवलेली दुकानातील ती खोली हाही त्या कपकेकच्या कृतीचाच एक भाग आहे आणि तो खोक्यात बांधून मिळत नाही. म्हणून नातवंडांचे बरोबर आहे. जायचे, तेथेच बसायचे आणि तेथेच खायचे.

मात्र ज्या दिवशी घरी मांड्यांचे जेवण असेल, त्या दिवशी जाऊ नका. आखाजीच्या दिवसांत पंगतीला आमरस असणारच. खापरावरचा पुरणाचा मांडा आणि वर वाटीभर रस पोटात गेल्यावर संध्याकाळी कोणालाही गोडाकडे पाहवत नाही आणि दीडशे रुपयांच्या वस्तूचे अर्धे तुकडे बशीत पडून राहतात. पंच्याहत्तरीच्या दिवशी घरचे जेवण आणि औक्षण होऊ द्यावे, आणि एक दिवस मध्ये सोडून दुकानाचा बेत करावा. सासूबाईंच्या बोलण्यातील खोच मला तरी अशी दिसते, की त्यांच्या सोहळ्यातून मांड्यांची जागा दुसरे काही घेत आहे, असे त्यांना वाटले. मांडा हा एकीने पुरण भरायचा, दुसरीने हातांवर झुलवत मोठा करायचा, तिसरीने खापरावर सांभाळायचा आणि सगळ्यांनी मिळून तोडायचा पदार्थ आहे. कपकेक मुळातच एकेकाचा आहे, ज्याचा त्याने निवडायचा आणि ज्याचा त्याने संपवायचा. दोघांची जात वेगळी आहे. घरच्या पंगतीत मांडेच असतील, असे त्यांना आधी सांगून टाका. मग जळगावला जाण्याबद्दल त्यांचा विरोध उरेल, असे मला वाटत नाही.

जाण्याआधी दोन दिवस दुकानात दूरध्वनी करून अकरा जणांसाठी बसायची सोय होईल का, हे विचारा. अशा दुकानांत सात-आठ खुर्च्यांवर भागवलेले असते, आणि वृद्ध माणसाला उभे राहून खायला लावणे हा सोहळा नव्हे. दुपारी कोणी घराबाहेर पडणार नाहीच. संध्याकाळी साडेपाच-सहाला पोहोचायचे असेल, तर आपले कपकेक त्याच दिवशी भाजलेले असावेत आणि आयसिंग दुपारनंतर काढलेले असावे, असे आधीच सांगून ठेवावे. आयत्या वेळी गेल्यास सकाळपासून काचेत मांडलेले, कडा सुकलेले नग वाट्याला येतात आणि निवडही फार उरत नाही.

आता अंड्याविषयी, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. “एगलेस आहे का?” एवढेच विचारून थांबू नये. खालचा केक अंड्याशिवाय केलेला असला, तरी वरचे आयसिंग कशाचे आहे, हे वेगळे विचारावे. बटरक्रीमचा एक प्रकार अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर गरम करून, फेटून करतात. त्याला स्विस मेरँग बटरक्रीम म्हणतात. तो कमी गोड आणि फार मुलायम असल्यामुळे चोखंदळ दुकानांतून आवर्जून वापरला जातो. त्यानंतर सजावटीविषयी विचारावे. साखरेच्या कणकेसारख्या फाँडंटमधून केलेल्या फुलाबाहुल्यांत आणि मार्शमॅलोत जिलेटिन असू शकते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. डबाबंद पदार्थावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका असतो आणि अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहाराचे तपकिरी चिन्ह असते, पण काचेच्या कपाटातील सुट्या नगावर प्रत्येक वेळी असे चिन्ह असतेच असे नाही. भांडी आणि फेटणी वेगळी ठेवता का, हेही विचारायला हरकत नाही. जळगावात सोने घेताना आपण कस विचारतो, घडणावळ विचारतो, परतीचा भाव विचारतो, आणि सराफाला त्यात काही गैर वाटत नाही. मग केकवाल्यासमोरच कशासाठी संकोचायचे? ज्याला उत्तरे ठाऊक असतात, तो आनंदाने देतो. “सगळं व्हेजच आहे हो,” असे म्हणून जो घाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, त्याच्याकडून सासूबाईंसाठी काहीही घेऊ नये.

सासऱ्यांविषयी मात्र मी जरा परखड बोलणार आहे. साध्या बटरक्रीममध्ये बटरच्या दुप्पट पिठीसाखर हे नेहमीचे प्रमाण आहे. एका कपकेकवर ४५ ग्रॅम आयसिंग असेल, तर त्यातील ३० ग्रॅम निव्वळ साखर झाली, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. खालच्या केकातील साखर आणि मैदा वेगळाच. ‘शुगर-फ्री’ पाटी पाहून निर्धास्त होऊ नका, कारण साखर काढली तरी मैदा राहतो आणि त्याचीही शेवटी रक्तात साखरच होते. तरीही त्यांना घरी ठेवून जाणे किंवा तेथे नेऊन नुसते पाणी देऊन बसवणे मला पटत नाही. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि त्यांची संमती असेल, तर एका कपकेकचे दोन भाग करून आयसिंग बहुतेक काढलेला अर्धा त्यांना द्यावा. उरलेला अर्धा नातवंडांपैकी कोणीतरी हसत संपवील. दोन वर्षांच्या बाळाला आयसिंगवर लावलेले चंदेरी-सोनेरी साखरेचे मणी देऊ नयेत. ते गोटीसारखे कठीण असतात आणि घशात अडकू शकतात. चमचमती पूड लावलेली असेल, तर ती खाण्याची आहे की केवळ शोभेची, हे विचारावे, कारण बाजारात दोन्ही मिळतात आणि दोन्ही सारख्याच चमकतात.

दुकानात पोहोचल्यावर पहिली निवड सासूबाईंनी करावी. नातवंडांना काचेला नाक लावायची घाई असेल, त्यांना दोन मिनिटे आवरावे. आजीने बोट दाखवायचे आणि बाकीच्यांनी तोवर थांबायचे, एवढ्यानेही त्या संध्याकाळचा मान कोणाचा, हे स्पष्ट होते. अकरा जणांत अकरा वेगवेगळे प्रकार घेण्याचा मोह होतो, पण पाच-सहा प्रकारांवर थांबलेले बरे, नाही तर कोणाला काय आवडले, हेच कोणाला आठवत नाही. वयस्कर माणसांना पिस्ता, वेलची, केशर असे ओळखीचे स्वाद आवडतीलच, असे गृहीत धरू नका. माझ्या पाहण्यातील एका आजींनी कडू चॉकलेटचा कपकेक निवडला आणि तो कोणालाही चाखू दिला नाही. दराची पाटी त्यांच्या नजरेपासून लपवता येणार नाही, पण बिल आधीच चुकते केलेले असले, तर हिशेबाची चर्चा टळते. आणि ते तुम्हा उभयतांनीच द्यावे; आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने पैसे काढले, तर कपकेकपेक्षा तीच गोष्ट सासूबाईंना जास्त बोचेल.

मेणबत्तीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तेथे निघणारच. आपल्या घरांत वाढदिवसाला दिवा लावतात, फुंकत नाहीत, आणि ७५ दिव्यांनी ओवाळलेल्या बाईला दोन दिवसांनी मेणबत्ती विझवायला सांगितल्यास तिला ते विचित्र वाटू शकते. त्यांनाच विचारा. नको म्हणाल्या, तर आग्रह नको. हो म्हणाल्या, तर फुंकर नातवंडांपैकी एकाने मारावी आणि मेणबत्ती त्याच्याच कपकेकवर लावावी. इतरांच्या आयसिंगवर थुंकी उडवण्याचे कारण नाही.

खाण्याची रीतही सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा खाणाऱ्याच्या नाकाला आणि मिशीला आयसिंग लागते आणि मग माणूस ओशाळतो. कागद पूर्ण सोलावा, केकाचा खालचा अर्धा भाग हाताने अलगद तोडावा आणि तो आयसिंगवर टोपीसारखा ठेवून हलके दाबावा. आयसिंग मधोमध येते आणि प्रत्येक घासाला केक व क्रीम दोन्ही मिळतात. कवळी असेल, तर बशी आणि काटा मागून घ्यावा. प्यायला बिनसाखरेची कॉफी किंवा नुसते पाणी पुरे. मिल्कशेकच्या पानाकडे मुलांना जाऊ देऊ नका.

एवढे करूनही घरी राहिलेल्या एखाद्या शेजारणीसाठी चार नग न्यावेच लागले, तर आयसिंग न केलेले घ्यावेत, नाही तर दुकानातच तासभर फ्रीजमध्ये घट्ट करून, खाचा असलेल्या खोक्यात बसवून, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत न्यावेत. पेटी गाडीत पायांजवळच्या सपाट जागेवर ठेवावी. आसन उतरते असते आणि डिकी तापलेली असते.

प्रश्न : मी शिरपूरचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नेत असू आणि भट्टीवर नानकटाई भाजून आणत असू. नातीने परवा मला कपकेक खाऊ घातला. चांगला होता. याला हे नाव का पडले आणि मफिन म्हणतात तो हाच का? (एक आजोबा, शिरपूर)

उत्तर : आजोबा, नावाचा उलगडा तुम्हाला आवडेल, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातील वाटीशी जुळतो. अमेलिया सिमन्स या बाईंचे अमेरिकी पाककृतींचे पुस्तक १७९६ मध्ये निघाले. त्यात लहान कपांत भाजायच्या केकाची कृती आहे. एलिझा लेस्ली यांच्या १८२८ च्या पुस्तकात ‘कप केक’ हा शब्द येतो, पण तेथे कप हे मापाच्या अर्थानेही समोर येते. त्याआधी केकाचे जिन्नस वजनाने मोजण्याची रीत होती. तराजू बाजूला ठेवून कपाने मोजायला सुरुवात झाली, तेव्हा एक कप बटर, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी असे तोंडपाठ होणारे प्रमाण रूढ झाले. आपल्याकडे ‘सात कप बर्फी’ म्हणतात, तसाच हा प्रकार. म्हणजे कपात भाजलेला तोही कपकेक आणि कपाने मोजलेला तोही कपकेक. दोन्ही अर्थ एकाच नावात मिसळून गेले.

मफिन हा त्याचा चुलतभाऊ आहे, जुळा नव्हे. कपकेकसाठी बहुधा बटर आणि साखर फेसाळेपर्यंत फेटतात, त्यामुळे तो हलका आणि बारीक जाळीचा होतो. नानकटाईसाठी तुमच्या मातोश्री परातीत तूप आणि पिठीसाखर पांढरेशुभ्र होईपर्यंत हाताने फेसत असतील, तेच हे काम. मफिनमध्ये तेल किंवा पातळ केलेले बटर ओतून पीठ जेमतेम कालवतात, म्हणून तो जाडसर, काहीसा पावासारखा लागतो आणि त्यावर आयसिंग नसते. केवळ कपकेकसाठी घरातून निघून दुकानात जायचे, ही पद्धत मात्र अलीकडची. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ मध्ये सुरू झालेल्या मॅग्नोलिया बेकरीचे कपकेक एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे २००० नंतर इतके गाजले, की दारात रांगा लागू लागल्या, आणि २००५ मध्ये बेव्हर्ली हिल्स येथे स्प्रिंकल्स हे फक्त कपकेकचे दुकान उघडले. भट्टीवरच्या नानकटाईला रांग लावायला आपल्याला कोणत्याही मालिकेची गरज पडली नव्हती, हे तुमच्यासारखेच मलाही आठवते.

प्रश्न : दुकानाच्या पाटीवर ‘गोर्मे’ असे लिहिलेले असते. त्या एका शब्दाचे शंभर रुपये जास्त घेतात, असा माझा समज आहे. तो खरा की खोटा? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : अर्धा खरा. गोर्मे हा फ्रेंच शब्द असून चवीचा जाणकार, म्हणजे आपला दर्दी खवय्या, असा त्याचा अर्थ आहे. तो कोणीही रंगाऱ्याकडून पाटीवर लिहून घेऊ शकतो. पैसे कशाचे घेतले, हे जिभेला कळते. स्वस्त आयसिंग बटरऐवजी वनस्पती तेलापासून केलेल्या व्हिपिंग क्रीमचे असते. त्यातील काही स्निग्ध पदार्थ तोंडातील उष्णतेला पुरते वितळत नाहीत, म्हणून खाल्ल्यानंतर टाळूला तेलकट थर चिकटून राहतो. तसा थर राहिला आणि तरीही दर दीडशे असला, तर तुमचा समज बरोबर ठरला. चॉकलेटचेही तेच, अस्सल चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी असते आणि कंपाउंड चॉकलेटमध्ये त्याच्या जागी दुसरा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ घातलेला असतो.

व्हॅनिलाच्या बाबतीत तर अंतर फारच मोठे आहे. खरी व्हॅनिला ही एका ऑर्किडची शेंग आहे. मूळच्या मेक्सिकोबाहेर तिच्या वेलीला शेंगा धरत नसत, कारण परागीभवन होत नसे. १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने आणि अंगठ्याने फुलाचे परागीभवन करण्याची सोपी युक्ती काढली, आणि आजही जगभर एकेक फूल तसेच हाताने फळवावे लागते. अशी शेंग वापरणाऱ्याने जास्त पैसे घेतले, तर मी देते. अशा आयसिंगमध्ये बहुधा शेंगेतील मोहरीहूनही बारीक काळे दाणे दिसतात. बिल मात्र मागावे आणि त्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का, ते पाहावे.

प्रश्न : मी रावेरची महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. आईच्या पन्नाशीला मला घरीच कपकेक करायचे आहेत. आमच्याकडे अंडे चालत नाही आणि घरची केळी भरपूर आहे. जमेल का? (एक मुलगी, रावेर)

उत्तर : तुला जमणार नाही, तर कोणाला जमेल? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंड्याशिवाय केक करणाऱ्याला पिकलेल्या केळ्यासारखा मित्र नाही. अंडे केकाला बांधून ठेवते आणि ओलावा देते. ही दोन्ही कामे कुस्करलेले केळे बऱ्यापैकी करते. फुगवण्याचे काम त्याला जमत नाही, ते दही आणि सोडा मिळून करतात, कारण दह्याची आंबटाई लागली, की सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठाला वर उचलतात.

व्यापाऱ्याकडे जाणारी हिरवी फणी घेऊ नकोस. सालीवर काळे डाग पडलेली, घरात कोणी हात लावत नाही अशी तीन केळी घे आणि काट्याने अगदी गर होईपर्यंत कुस्कर. त्यात पाऊण कप साखर, एक तृतीयांश कप वास नसलेले तेल आणि पाव कप दही घालून फेट. दीड कप मैदा, एक चहाचा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळून त्यात घाल, आणि येथून पुढे फेटू नकोस. कोरडे पीठ दिसेनासे झाले, की हात थांबव, कारण जास्त घोटले, की मैद्याला चिवटपणा येतो. कागदी वाट्या बसवलेल्या साच्यांत दोन तृतीयांशच पीठ भर. वरपर्यंत भरलेस, तर पीठ ओसंडून ओव्हनच्या तळाशी जळेल आणि आईला तिच्या वाढदिवशी ओव्हन घासावा लागेल. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर सुमारे वीस मिनिटे भाजल्यावर साधारण बारा कपकेक होतात. सोडा लगेच काम सुरू करतो, म्हणून पीठ कालवून ठेवून फोनवर बोलत बसू नकोस.

आयसिंगचा नाद मुळीच करू नकोस. यावलच्या ताईंना त्याची कारणे मी वर दिली आहेत आणि रावेरचा उन्हाळा काही वेगळा नाही. भाजण्याआधी प्रत्येकावर केळ्याची एक पातळ चकती आणि चिमूटभर साखर ठेव. तिचा रंग तांबूस होतो आणि तेवढी सजावट पुरते. आदल्या दिवशी एक घाणा करून पाहा. कपकेक निवल्यावर मधोमध तोड. आत चिकट, दडस पट्टा दिसला, तर केळी जास्त झाली असे समज आणि दुसऱ्या दिवशी अडीचच घे.